पॉवर हाऊसकडून कॉम्प्युटरकडे: अंधेरी, पवई, जुहू आणि एका मास्टर्स डिग्रीची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

मुलुंडच्या एका श्रोत्याने मेसेज केला होता. तो ईएक्सटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकेत 'इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग'मध्ये मास्टर्सला अर्ज करतोय आणि घरी आजोबांनी विचारलं, "अरे, इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचं ना? मग त्यात कॉम्प्युटर कुठून आला?" त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून प्रश्न माझ्याकडे पाठवला.

आजोबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. या दोन गोष्टी एका डिग्रीत कशा आल्या? त्याचं उत्तर शोधायला बॉस्टनपर्यंत जावं लागतं, पण बरंचसं उत्तर घाटकोपर ते जुहू या पट्ट्यातच सापडतं. मेट्रो वन पकडून अंधेरीला जाता ना, त्या लाइनच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पाच-सात किलोमीटरच्या आत ही सगळी गोष्ट घडली आहे.

सुरुवात विजेच्या बिलापासून करू. अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या माणसांना विचारा, ते आजही 'बीएसईएसचं बिल' म्हणतात. मधे रिलायन्स आलं, मग अदानी आलं, पण तोंडात बीएसईएसच. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, स्थापना १९२९. मुलुंड-भांडुपकडे महावितरण. आणि या सगळ्यांच्या मागे टाटांची वीज. खोपोली, भिवपुरी, भिरा इथे सह्याद्रीवर पडणारा पाऊस धरणात अडवायचा, पाइपातून खाली सोडायचा, टर्बाइन फिरवायचं आणि वीज मुंबईला आणायची. पुढे १९५६ ला ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं.

आता वीज तयार करणं हा अर्धाच प्रश्न. संध्याकाळी सात वाजता अख्ख्या मुंबईत दिवे लागतात, मिल बंद होते, लोकल मात्र चालूच असतात. कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची, कुठल्या लाइनवरून ती किती वाहणार, एखादी लाइन तुटली तर उरलेल्यांवर किती भार येणार? प्रत्येक सबस्टेशनला एक-दोन समीकरणं लागतात आणि सगळी एकमेकांत अडकलेली असतात. एका ठिकाणचा आकडा बदलला की बाकीचे सगळे हलतात. म्हणून अंदाजाने एक उत्तर धरायचं, सगळी समीकरणं तपासायची, चूक किती येते ते बघायचं, आकडे थोडे सरकवायचे, पुन्हा पहिल्यापासून. चूक अगदी नगण्य होईपर्यंत हेच करत राहायचं. याला 'लोड फ्लो' म्हणतात. हाताने करायला बसलात तर तुमचे नातू पूर्ण करतील.

म्हणून जगभरात कॉम्प्युटरला लवकर मिठी मारणाऱ्यांत वीज कंपन्यांचे इंजिनिअर होते. आजोबांना हे सांगा. वायरमनच्याच खात्याला कॉम्प्युटरची गरज फार लवकर पडली.

मुंबईत ही गरज ओळखणारा माणूस म्हणजे फकीरचंद कोहली, म्हणजेच एफ. सी. कोहली. जन्म पेशावरचा, १९२४. कॅनडाच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली आणि १९५० मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स. १९५१ मध्ये टाटा इलेक्ट्रिकमध्ये आले. तिथे त्यांच्याकडे काम होतं लोड डिस्पॅचिंगचं, म्हणजे मी आत्ता सांगितलं तेच. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० नावाचा मोठा कॉम्प्युटर १९६४ साली आला, तेव्हा टाटा इलेक्ट्रिकचे लोक आपली विजेची गणितं घेऊन तिकडे जायला लागले. इथे एक गंमत लक्षात घ्या. पुढे १९६९ मध्ये टाटांनी टीसीएसची जबाबदारी कोहलींना दिली, तेव्हा ते काही 'आयटीवाले' नव्हते. आयटी हा शब्दच तेव्हा कोण वापरत होतं! ते वीजवाले होते.

आणि मग अंधेरी. १ मे १९७३ ला सीप्झ सुरू झालं, मरोळच्या बाजूला. निर्यातीसाठी वेगळी काढलेली जागा. त्या काळात बाहेरून कॉम्प्युटर आणायचा म्हणजे परवाने, परकीय चलन आणि प्रचंड आयात कर. सीप्झमध्ये निर्यात करणाऱ्याला त्यातून बरीच सवलत होती. टाटांनी अमेरिकेच्या बरोझ कंपनीबरोबर भागीदारीत काढलेली टाटा बरोझ इथलीच. आज सीप्झच्या गेटसमोर सकाळी साडेनऊला रिक्षांचं जे काही चाललेलं असतं, त्याचं मूळ या सवलतीत आहे.

दुसरे नरेंद्र पटनी. रुडकीहून इंजिनिअर झाले, मग एमआयटीतून इलेक्ट्रिकलचं मास्टर्स आणि तिथेच मॅनेजमेंट. कोहली एमआयटीचे, पटनीही एमआयटीचे. हा निव्वळ योगायोग नाही. त्या वेळी इथल्या हुशार इंजिनिअरला मोठा कॉम्प्युटर जवळून बघायचा तर बाहेर जाणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग होता. पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांचा एक प्रयोग मला भारी आवडतो. केंब्रिजच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक खोली 'अमेरिका' ठरवली आणि दुसरी 'भारत'. दोन खोल्यांमध्ये तोंडाने बोलायचं नाही, सगळ्या सूचना फक्त लेखी द्यायच्या. हेतू असा की काम सात समुद्रापार पाठवलं तर नुसत्या कागदावरच्या सूचनांवर ते होईल का, हे बघायचं. ते झालं. मग खरोखरचं डेटा भरण्याचं काम पुण्याला आलं, आणि १९७८ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स सुरू झाली. पुढे त्यांचं मुख्य ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत होतं. आज आपण 'वर्क फ्रॉम होम'मध्ये जे करतो, त्याची तालीम त्या नवरा-बायकोने पन्नास वर्षांपूर्वी दोन खोल्यांत केली होती.

पटनीमध्ये सॉफ्टवेअरचे प्रमुख होते नारायण मूर्ती. त्यांचं एम.टेक. इलेक्ट्रिकलचं, आयआयटी कानपूर, १९६९. त्यांच्या हाताखाली लागलेला एक तरुण होता नंदन नीलेकणी, आयआयटी मुंबईचा १९७८ चा इलेक्ट्रिकलचा पदवीधर. १९८१ मध्ये सात जण बाहेर पडले आणि इन्फोसिस झाली. सुधा मूर्तींच्या दहा हजार रुपयांची गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल, मी एकशे एकावी सांगत नाही. पण एक विसरू नका. त्या बाई स्वतः इलेक्ट्रिकलच्या इंजिनिअर, वर बंगळुरूहून कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स केलेल्या. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर त्या 'दहा हजार देणाऱ्या पत्नी' म्हणून फिरतात, ते मला खटकतं.

आता कानपूरचं नाव आलंच आहे, तर मुख्य माणसाकडे येऊ. या गोष्टीत खरा मराठी माणूस इथे आहे, आणि त्याचं नाव मुंबईत फार कमी लोकांना माहीत आहे. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर.

जन्म धारवाडचा, १९०९. मुंबईत शिकले, मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून इलेक्ट्रिकल, आणि १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. थोडी वर्षं बंगळुरूला शिकवून १९४३ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख म्हणून आले. तेव्हाचं इलेक्ट्रिकल म्हणजे मुख्यतः जनरेटर, मोटर, ट्रान्सफॉर्मर. रेडिओ-टेलिफोनकडची बाजू म्हणजे 'लाइट करंट', धाकटा भाऊ.

त्याच सुमारास दिल्लीत नलिनीरंजन सरकार यांची समिती बसली होती. १९४६ च्या तिच्या अहवालात म्हटलं होतं की देशाच्या चार दिशांना चार मोठ्या तंत्रसंस्था काढा, नमुना एमआयटीचा. आणि नुसते पदवीधर नकोत. दोन पदवीचे विद्यार्थी असतील तर एक पदव्युत्तर किंवा संशोधनाचा असावा, असं प्रमाण त्यात होतं. हे प्रमाण ध्यानात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

पश्चिमेची संस्था मुंबईला मिळाली. तिच्या आखणीच्या कामात केळकर होते. पैसा आणि यंत्रं कुठून आणायची? उत्तर आलं सोव्हिएत रशियाकडून, युनेस्कोच्या मार्फत. ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तिकडून आले, आपल्या २७ शिक्षकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्या मिळाल्या. १९५८ च्या जुलैमध्ये पहिले १०० विद्यार्थी बसले, पण पवईला नाही. वरळीला, सस्मिराच्या इमारतीत. कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी ती संस्था. अर्ज आले होते ३४०० च्या वर. पवईला ५५० एकर जागा राज्य सरकारने दिली आणि १० मार्च १९५९ ला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हाची पवई म्हणजे तलाव, डोंगर, झाडी. हिरानंदानी वगैरे डोळ्यांसमोर आणू नका.

केळकर मात्र पवईला थांबले नाहीत. १९५९ मध्येच त्यांना कानपूरच्या नव्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून पाठवलं. तिथे मदत अमेरिकेची, नऊ विद्यापीठांचा गट, त्यात एमआयटीही. १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर कानपूरला आला, आणि केळकरांच्या संस्थेने तो विद्यार्थ्यांसाठी खुला ठेवला. नारायण मूर्ती तिथे एम.टेक. करत होते, तेव्हा संचालक हेच. म्हणजे व्हीजेटीआयमधून निघालेला मोटर-जनरेटरवाला प्राध्यापक, त्याच्या कॅम्पसवर तयार झालेला विद्यार्थी पुढे मुंबईत येऊन कंपनीत सॉफ्टवेअरचा प्रमुख होतो. मला हा धागा सापडला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. कानपूरच्या लायब्ररीला केळकरांचं नाव आहे. त्यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं.

१९७० मध्ये ते परत पवईला आले, संचालक म्हणून, १९७४ पर्यंत. इथली यंत्रं वेगळी. साठच्या दशकात रशियन मिन्स्क-२, सत्तरच्या दशकात ईसी-१०३०. हा दुसरा पूर्व युरोपीय देशांनी आयबीएमच्या ३६० मालिकेवरून बनवलेल्या कुळातला. शीतयुद्ध आपण पुस्तकात वाचतो. कानपूर आणि पवईच्या मुलांनी ते पंचकार्डांवर वाचलं. एका कॅम्पसवर अमेरिकन मशीन, दुसऱ्यावर रशियन, मधे प्रोग्रामच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभा असलेला विद्यार्थी. एक कार्ड चुकलं की गठ्ठा परत हातात, आणि नवीन पाळी कधी येईल ते मशीनवाला सांगेल. तुमचा लॅपटॉप दहा सेकंद हँग झाला की काय होतं तुमचं, ते आठवा.

याच काळात पवईला एम.टेक. करणारा एक मराठी विद्यार्थी होता दीपक फाटक. इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून १९६९ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी, मग पवईचं एम.टेक., १९७१. आणि मग ते तिथेच राहिले. शिकवायला लागले, पीएच.डी. केली, कॉम्प्युटर सायन्समध्ये. 'आकाश' टॅब्लेट आठवतोय? त्या प्रकल्पामागचे प्राध्यापक हेच. २०१३ मध्ये पद्मश्री.

फाटक राहिले हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक बातम्या गेलेल्यांच्या असतात. सरकार समितीचं दोनास एक हे प्रमाण आठवा. समितीला वाटत होतं की पदव्युत्तर शिक्षण हे या संस्थांचं हृदय असेल. प्रत्यक्षात पवईचा बी.टेक. झालेला मुलगा मास्टर्ससाठी अमेरिकेचा फॉर्म भरायचा, आणि पवईच्या एम.टेक.च्या वर्गात यायची ती मुलं बाहेरच्या कॉलेजांतून. सांगली, अमरावती, नागपूर, इंदूर इथली. कॅम्पसवर बराच काळ 'एमटेक' हा शब्द थोडा दुय्यम सुरात उच्चारला जायचा, हे तिथे शिकलेल्या कोणालाही विचारा. माझं मत सांगतो. मला तो सूर उलटा वाटतो. ऐंशीच्या दशकात गेट परीक्षा आली, स्टायपेंड मिळू लागला, आणि जिल्ह्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला घरून एक रुपया न घेता देशातल्या उत्तम प्रयोगशाळेत दोन वर्षं बसता आलं. जेईईच्या वयात ज्याला क्लास परवडला नाही, किंवा क्लास म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याला ही दुसरी संधी होती. अलीकडच्या वर्षांत हा स्टायपेंड महिना १२,४०० रुपये होता. पवईत वन बीएचकेचं भाडं काढून बघा, मग कळेल की हॉस्टेल नसतं तर काय झालं असतं.

विजय भटकरांचं उदाहरण याच जातीचं, जरी ते पवईचं नसलं तरी. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा गाव, नागपूरहून इंजिनिअरिंग, बडोद्याहून मास्टर्स, दिल्ली आयआयटीहून पीएच.डी. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. या माणसाची एकही डिग्री परदेशी नाही.

आता परत आपल्या पट्ट्यात. जुहूला, गुलमोहर क्रॉस रोड नंबर नऊवर एनसीएसटी होतं. सेलिब्रिटींचे बंगले बघायला तुम्ही त्या भागात गेला असाल, पण या इमारतीकडे कोणी मान वळवून बघत नाही. टीआयएफआरमधल्या सॉफ्टवेअर केंद्रातून १९८५ मध्ये ही वेगळी संस्था झाली. आज तिथे सी-डॅक आहे. अर्नेट नावाचा प्रकल्प १९८६ च्या सुमारास सुरू झाला. देशातल्या मोजक्या शिक्षणसंस्था कॉम्प्युटरने एकमेकांना जोडायच्या. त्यात जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवर, डायल-अपने, ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे जुहू-पवई हा संवाद त्याच्या आठेक वर्षं आधीचा. तेव्हा जुहूहून पवईला बेस्टने जायचं तर अर्धा दिवस गेला असता, ईमेल अर्थातच लवकर पोचायचा. 'डॉट इन' या नावांचा कारभारही सुरुवातीला बरीच वर्षं जुहूतूनच चालला. आणि एनसीएसटीचा सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमा होता, पीजीडीएसटी. नावाला मास्टर्स नाही, पण नव्वदच्या दशकात अंधेरीच्या कंपन्यांत त्याचं वजन अनेक एम.ई.पेक्षा जास्त होतं.

एम.ई.चं वेगळंच झालं. अंधेरीत भवन्सच्या आवारात सरदार पटेल कॉलेज १९६२ पासून होतं, सिव्हिल-मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल असं जुन्या वळणाचं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि विद्याविहारला सोमय्या, वांद्र्याला शहानी अशी कॉलेजं आली. कॉलेज आलं की शिक्षक लागतात. पुढे एआयसीटीईने सहायक प्राध्यापकाला मास्टर्स सक्तीचं केलं. मग एम.ई. ही बऱ्याच ठिकाणी संशोधनाची डिग्री न राहता नोकरी टिकवायची डिग्री झाली. दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः विद्यार्थी म्हणून बसायचं. त्यात त्या शिक्षकांचा दोष नाही, पण सरकार समितीला अभिप्रेत होतं ते हे नक्कीच नव्हतं.

आणि आता नावाचा घोळ, म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचा उरलेला भाग. अमेरिकेत वीजवाल्यांची संघटना आणि रेडिओवाल्यांची संघटना १९६३ मध्ये एक होऊन आयईईई झाली. एमआयटीने १९७५ मध्ये आपल्या विभागाच्या नावात 'इलेक्ट्रिकल'च्या शेजारी 'कॉम्प्युटर सायन्स' जोडलं. म्हणजे तिकडे घर एकच ठेवून पाटीवर दुसरं नाव लिहिलं. पवईत उलट. कॉम्प्युटरवाले वेगळे निघाले आणि १९८२ मध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग झाला. मुंबई विद्यापीठात तर इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ईएक्सटीसी, कॉम्प्युटर, आयटी अशा पाच चुली. त्यामुळे मुलुंडचा आपला मित्र अमेरिकेच्या फॉर्मवर 'ईसीई' बघतो तेव्हा त्याला ते दोन शाखांचं मिश्रण वाटतं. तिकडे ते कधी पूर्ण वेगळे झालेच नव्हते. चिप डिझाइन करणारा, मोबाइल टॉवरचं गणित करणारा आणि पॉवर ग्रिडवर काम करणारा, तिघे एकाच विभागात बसतात आणि एकमेकांचे कोर्स घेतात.

आजोबांना एक जुनी गोष्टही सांग मित्रा. १८८२ मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट एमआयटीत शिकायला गेले होते. बहुधा तिथे पोचलेले पहिले भारतीय. आणि त्याच १८८२ मध्ये एमआयटीने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम सुरू केला होता. तेव्हा टिळकांचा 'केसरी' दुसऱ्याच वर्षात होता आणि मुंबईत घरोघरी वीज यायला बराच अवकाश होता. त्यामुळे "आपल्यातलं कोण जातं असल्या कोर्सला" असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार आहे.

राहता राहिला मुंबई विद्यापीठाचा मुद्दा. गेल्या काही वर्षांत उपनगरांतल्या अनेक कॉलेजांनी इलेक्ट्रॉनिक्स शाखेचं नाव बदललंय. नवीन पाटीवर लिहिलंय 'इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स'. काही ठिकाणी हे नुसतं ॲडमिशन भरण्यासाठी केलेलं आहे, हे उघड आहे. काही ठिकाणी खरंच चिप आणि कोड एकत्र शिकवतायत. तुमच्या कॉलेजात यातलं कुठलं चाललंय ते आम्हाला कळवा. व्हॉइस नोट चालेल, फक्त लोकलमध्ये फलाटावर उभं राहून पाठवू नका, मागचं अनाउन्समेंट काढता काढता आमच्या एडिटरचा जीव जातो. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवू.